ढगांची गाठ पडते तेव्हा

सेकंदाला १० किलोमीटर. ताशी म्हटलं तर ३६ हजार किलोमीटर. आकाशगंगेत दोन वायुमेघ एकमेकांवर आदळतात ते साधारण या वेगाने. कधी थोडं कमी, कधी दुप्पट. ऐकताना हा वेग भयंकर वाटतो. पण या वेगाने एक प्रकाशवर्ष कापायला तीस हजार वर्षं लागतात, आणि ढगाची रुंदी असते तीस, पन्नास, कधी शंभर प्रकाशवर्षं. पहिला स्पर्श झाल्यापासून एक ढग दुसऱ्यातून पार होईपर्यंत दहा-वीस लाख वर्षं सहज जातात. 'टक्कर' हा शब्द आपण नाइलाजाने वापरतो. त्यापेक्षा मला 'गाठ' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. दोन ढगांची गाठ पडते, आणि जिथे पडते तिथे वायूच्या गाठी बांधल्या जातात. हे लेखन त्या दुसऱ्या गाठींबद्दल आहे. भेटीतून त्या कशा घडतात, त्यांच्यातून सूर्याच्या वीस-तीस पट जड तारा का निघू शकतो, आणि एवढं सगळं घडून गेल्यावर ते ओळखायचं कसं.

पावसाच्या ढगाशी या मेघांचं साम्य नावापुरतं. एका घन सेंटीमीटरमध्ये काहीशे रेणू, एवढीच यांची दाटी. समुद्रसपाटीवरच्या हवेत तेवढ्याच जागेत अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. तापमान साधारण १० केल्विन, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस. वस्तुमानात पाऊण हिस्सा हायड्रोजन, उरलेला बहुतेक हेलियम, आणि सुमारे एक टक्का धूळ. ती एक टक्का धूळ क्षुल्लक समजू नये. बाहेरच्या ताऱ्यांचा प्रकाश तीच अडवते, म्हणून आतला वायू थंड राहतो आणि हायड्रोजनचे अणू जोडीजोडीने रेणू होऊन टिकतात. इतक्या विरळ पदार्थाचं एकूण वजन मात्र दहा हजार सूर्यांपासून काही लाख सूर्यांपर्यंत भरतं, कारण जागाच अफाट आहे.

इतके विरळ ढग एकमेकांना धडकतात तरी कसे, एकातून दुसरा सरळ निघून का जात नाही, ही शंका रास्त आहे. दोन दीर्घिका एकमेकींत शिरतात तेव्हा त्यांतले तारे खरोखरच एकमेकांना न शिवता निघून जातात. वायूला ते जमत नाही. घन सेंटीमीटरला ३०० रेणू असतील तर एक रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी सरासरी काही कोटी किलोमीटर प्रवास करतो. पण ढगाच्या रुंदीच्या मानाने ते अंतर एक कोटीव्या भागाच्या आसपास आहे. ढग ओलांडायच्या प्रवासात रेणूची कितीतरी वेळा धडक होते. म्हणून ढग ढगाला अडवतो. त्यात चुंबकीय रेषा वायूला धरून असतात, त्यामुळे आरपार निसटण्याचा प्रश्नच येत नाही.

आता मूळ अडचणीकडे येऊ. एकटा ढग आळशी असतो. गुरुत्वाकर्षणाला अडवणारं कोणी नसेल तर घन सेंटीमीटरला शंभर रेणूंचा ढग तीसेक लाख वर्षांत स्वतःच्या वजनाने आत कोसळायला हवा, दहा हजार रेणूंचा तीन लाख वर्षांत. आकाशगंगेत असा वायू सुमारे शंभर कोटी सूर्यांएवढा आहे. तो सगळा या हिशेबाने कोसळला तर दरवर्षी काहीशे सूर्यांएवढे तारे जन्मले पाहिजेत. प्रत्यक्षात एक-दोन सूर्यांएवढेच जन्मतात. शंभरपट तफावत! हिशेब आणि आकाश यांच्यातली ही दरी १९७० च्या दशकातच लक्षात आली आणि ताऱ्यांच्या जन्माचा अभ्यास तेव्हापासून तिच्याभोवतीच फिरतो आहे. ढगातली खळबळ, चुंबकीय क्षेत्र आणि आधी जन्मलेल्या ताऱ्यांचे वारे ही तीन नावं अडथळ्यांच्या यादीत नेहमी येतात. ढग स्वतःहून तारे बनवत नाही असं नाही. बनवतो, पण तुकड्यातुकड्याने, सावकाश, आणि बहुतेक छोटे. सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड तारा जन्मायला पुष्कळ वायू थोड्या जागेत थोड्या वेळात जमावा लागतो. आळशी ढगाला नेमकं तेच साधत नाही. भेट घडली तर साधतं.

भेटीच्या पृष्ठभागावर काय होतं ते आकड्यांतच पाहावं, कारण खरी गंमत तिथेच आहे. १० केल्विनच्या वायूत आवाजाचा वेग सेकंदाला फक्त ०.२ किलोमीटर असतो. सारखेच दोन ढग १० किलोमीटरच्या सापेक्ष वेगाने समोरासमोर आले की मधल्या थरात वायू थांबतो, आणि दोन्हीकडचा वायू त्या थरावर ५ किलोमीटर वेगाने येऊन आदळत राहतो. आवाजाच्या पंचवीसपट वेग. येणाऱ्या वायूला पुढे अडथळा आहे ही बातमी मिळायला वेळच नसतो. बातमी आवाजाच्या वेगाने जाते, वायू तिच्या पंचवीसपट वेगाने येतो. यातूनच आघात लहर उभी राहते. तिच्यातून पार होताना वायूचं तापमान क्षणभर हजार-दीड हजार केल्विनवर चढतं.

पुढचं पाऊल निर्णायक आहे. वायू तसाच तापलेला राहिला असता तर टक्कर कितीही जोराची असो, घनता चौपटीच्या पलीकडे गेली नसती. तापलेला वायू स्वतःच दाबाला दाद देत नाही. पण हा वायू उष्णता ठेवून घेत नाही. तापलेले हायड्रोजनचे रेणू, कार्बन मोनॉक्साइड, पाण्याची वाफ, धुळीचे कण हे सगळे ती उष्णता अवरक्त आणि त्याहून लांब लहरींच्या रूपात बाहेर फेकतात. ढग ओलांडायला लागणाऱ्या काळाच्या मानाने हे फार लवकर उरकतं. वायू पुन्हा दहा-वीस केल्विनवर येतो, दाब मात्र बाहेरून चालूच असतो. अशा वेळी घनता वेगाच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढू शकते. पंचवीसचा वर्ग ६२५. दहा हजार सूर्यांएवढा वायू १० किलोमीटर वेगाने आला तर त्याची गतिज ऊर्जा एका अतिनवताऱ्याच्या स्फोटातल्या गतिज ऊर्जेच्या शंभराव्या भागाएवढी भरते. एवढी ऊर्जा कुठेही भडका न उडता, मंद अवरक्त उजेड होऊन निघून जाते. तारा घडायला दाबाइतकंच हे उष्णता टाकून देणंही लागतं. मला यातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

कागदावरचं ६२५ प्रत्यक्षात येत नाही. वाटेत चुंबकीय क्षेत्र उभं असतं. या ढगांत ते १० मायक्रोगॉसच्या घरात असतं, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे पन्नास हजारावा भाग. इतकं दुबळं क्षेत्र काय अडवणार, असं वाटेल. पण वायू त्याला बांधलेला असतो. थर दाबला जातो तसतशा रेषाही जवळ येतात, आणि रेषा जवळ आल्या की त्यांचा दाब फार झपाट्याने वाढतो. टक्कर रेषांना आडवी असेल तर वरच्या उदाहरणात घनता ६२५ पटींऐवजी दहापटीच्या आसपास अडते. रेषांच्या दिशेनेच वायू आला तर अडथळा बराच कमी. एकाच वेगाच्या दोन टकरींतून वेगवेगळं फळ निघतं, त्याचं एक कारण हे.

इथे एक कोडं आहे, आणि ते न सोडवता पुढे गेलं तर सगळी गोष्ट पोकळ राहील. जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये दाखवलं की वायूच्या तुकड्याचं वस्तुमान एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं तरच तो कोसळतो, आणि तापमान तेच ठेवून घनता वाढवली की ही मर्यादा खाली येते. घनता शंभरपट केली तर मर्यादा एक दशांश. मग टकरीने दाबलेल्या वायूचे तर आणखी लहान तुकडे पडले पाहिजेत, आणि त्यांतून खंडीभर छोटे तारे निघाले पाहिजेत. प्रत्यक्षात अशा जागी महाकाय तारे सापडतात. हे उलटं कसं?

त्सुयोशी इनोउए आणि यासुओ फुकुई यांनी २०१३ मध्ये संगणकावर चुंबकीय क्षेत्रासह अशी टक्कर घडवून जे उत्तर दिलं, ते मला पटतं. जीन्स यांच्या हिशेबात कोसळण्याला विरोध फक्त उष्णतेचा. टकरीनंतरच्या थरात मात्र आणखी दोन विरोधक असतात: दाबून ताकदवान झालेलं चुंबकीय क्षेत्र, आणि ढग मुळातच गाठाळ असल्याने आघात लहर वेडीवाकडी होऊन उठलेली खळबळ. हे दोघे लहान तुकड्यांना कोसळू देत नाहीत. वायू येत राहतो, साठत राहतो, आणि शेवटी गुरुत्वाकर्षण जिंकतं तेव्हा गाठ दहा-वीस नव्हे, कधी शंभर सूर्यांएवढी झालेली असते. ज्या चुंबकीय क्षेत्राने दाबायला अडथळा केला, तेच तुकडे पडू न देऊन मोठ्या ताऱ्याची सोय करतं.

दुसरी गोष्ट गतीची. कोसळणाऱ्या गाठीच्या मध्यावर वायू किती वेगाने ओतला जाईल, हे तिला आधार देणाऱ्या वेगाच्या, म्हणजे आवाज, खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या मिळून येणाऱ्या वेगाच्या, तिसऱ्या घातावर ठरतं. शांत, १० केल्विनच्या गाठीत तो वेग ०.२ किलोमीटर, तिथे लाखभर वर्षांत सूर्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा वायू जमतो. खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र धरून तोच वेग १ किलोमीटर झाला की आकडा सव्वाशेपट होतो: लाखभर वर्षांत वीस-पंचवीस सूर्य. घाई का लागते, तर जड तारा पूर्ण घडायच्या आधीच तळपायला लागतो. त्याचा प्रकाश धुळीवर आपटतो आणि येणारा वायू मागे ढकलतो. ओघ बारीक असेल तर तारा तिथेच खुंटतो. ओघ जाड असेल, आणि बराचसा वायू ताऱ्याभोवतीच्या चकतीतून आत येत असेल, तर प्रकाशाच्या रेट्याला न जुमानता भरणी चालू राहते.

सारख्या आकाराचे ढग समोरासमोर, हे उदाहरण हिशेबाला सोपं म्हणून घेतलं. आकाशात बहुधा एक लहान, एक मोठा असतो. असाओ हाबे आणि किकुची ओता यांनी १९९२ मध्ये या असमान जोडीचं गणित संगणकावर केलं, आणि त्यातून उमटलेलं चित्र आजही आकाशात शोधलं जातं. लहान ढग मोठ्यात घुसतो आणि मागे पोकळी ठेवत जातो. पोकळीच्या तळाशी, लहान ढगाच्या पुढच्या तोंडावर, दाबलेला थर साचतो. तारे तिथे जन्मतात. मोठ्या ढगाचा उभा छेद घेतला तर इंग्रजी 'यू' अक्षरासारखा दिसेल. पुढे नव्या ताऱ्याचे अतिनील किरण पोकळीच्या भिंतींना आतून पेटवतात, आणि कडेने चकाकणारं एक कडं तयार होतं. दक्षिण आकाशातल्या आरसीडब्ल्यू १२० या तेजोमेघाचं देखणं अवरक्त कडं अनेक वर्षं ताऱ्याने फुगवलेला बुडबुडा म्हणूनच समजावलं जात होतं. बुडबुडा असेल तर भिंत बाहेर सरकताना दिसायला हवी. २०१५ मध्ये काझुफुमी तोरी आणि सहकाऱ्यांनी तिथला रेण्वीय वायू मोजला, तेव्हा तसं प्रसरण सापडलं नाही. सापडले ते सेकंदाला सुमारे २० किलोमीटर वेगाचा फरक असलेले दोन ढग.

हे मोजतात कसं, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या विषयातली निम्मी फसगत मोजमापातच होते. ढग बहुतांश हायड्रोजनचा, पण थंड हायड्रोजन रेणू मुका असतो. त्याला बोलतं करायचं, म्हणजे लहर सोडायला लावायचं, तर त्याच्या ऊर्जेची पहिलीच पायरी ५१० केल्विनवर आहे. दहा केल्विनच्या वायूत तिथवर कोणी पोचत नाही. म्हणून निरोप्याचं काम कार्बन मोनॉक्साइड करतो. हायड्रोजनच्या दहा हजार रेणूंमागे याचा एखादा रेणू, पण याची पहिली पायरी साडेपाच केल्विनवर. तिथून उतरताना तो ११५.२७ गिगाहर्ट्झवर, २.६ मिलिमीटर लांबीची लहर सोडतो. रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियस यांनी १९७० मध्ये मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाकडे किट पीकची ३६ फुटी दुर्बीण वळवून ही लहर पहिल्यांदा टिपली. वायू आपल्याकडे येत असेल तर वारंवारता वर सरकते, दूर जात असेल तर खाली. १० किलोमीटर वेगाला सुमारे ३.८ मेगाहर्ट्झ. एवढं सरकणं आजच्या यंत्रांना अगदी सहज वाचता येतं. आकाशातल्या एकेका बिंदूचा असा वर्णपट घेत गेलं की दोन दिशा आणि तिसरा वेग असा तीन बाजूंचा आकड्यांचा ठोकळा तयार होतो. ढगांची टक्कर या ठोकळ्यात शोधायची.

पहिली खूण म्हणजे एकाच जागी दोन वेग. पण तेवढ्यावर कधीही विसंबू नये. आकाशगंगेच्या पातळीत नजर टाकली की एकामागे एक हजारो प्रकाशवर्षांवरचे ढग एकाच रेषेत येतात, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. दोन्ही ढग त्याच ताऱ्याजवळ आहेत हे आधी सिद्ध व्हायला हवं. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडची ३४५.८ गिगाहर्ट्झची वरच्या पायरीची लहर आणि ११५ गिगाहर्ट्झची खालची, यांचं प्रमाण काढतात. ताऱ्याने वायू तापवला असेल तर वरची लहर जोर धरते. दोन्ही ढगांत ताऱ्याच्या दिशेला तोंड करून असलेला भाग तापलेला दिसला, की दोघेही शेजारी आहेत असं मानायला आधार मिळतो.

दुसरी खूण पूल. एका अक्षावर जागा आणि दुसऱ्यावर वेग मांडून आलेख काढला की दोन ढग दोन पट्ट्यांसारखे दिसतात. टक्कर चालू असेल तर मधल्या वेगाचा वायू त्या पट्ट्यांना जोडतो. हा वायू म्हणजे भेटीत वेग गमावलेला, मधल्या थरातला. टक्कर जुनी झाली की पूल विरतो, म्हणून पूल नसणं हा टक्कर न झाल्याचा पुरावा धरता येत नाही. शिवाय दुर्बिणीच्या नजरेची जाडीही आड येते. चार मीटर व्यासाची दुर्बीण ११५ गिगाहर्ट्झवर २.६ कलांपेक्षा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) बारीक पाहू शकत नाही; १६ हजार प्रकाशवर्षांवरच्या ढगात हे १२ प्रकाशवर्षं झालं. अरुंद पूल तेवढ्यात पुसला जातो. जपानमधल्या नोबेयामाच्या ४५ मीटर दुर्बिणीला तिथेच एक-सव्वा प्रकाशवर्षाचा तपशील दिसतो.

तिसरी खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते: एका वेगाच्या नकाशात भोक, आणि दुसऱ्या वेगाच्या नकाशात त्याच आकाराचा गोळा. आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या धनू बी-२ या ढगात तेत्सुओ हासेगावा आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये असंच दाखवलं होतं. किल्ली आणि कुलूप म्हणावं तसं. बहुतेक वेळा किल्ली कुलपावर नेमकी बसत नाही, थोडी सरकलेली असते, कारण आपण टक्कर तिरकी पाहतो आणि भोक पडल्यावर लहान ढग पुढे गेलेला असतो. ते सरकणं वाया घालवायचं नाही, त्यातूनच वय निघतं. समजा, एक नकाशा दोन प्रकाशवर्षांनी सरकवल्यावर दुसऱ्यावर बसला, आणि वेगांतला फरक ६ किलोमीटर आहे. भागाकार केला की साधारण एक लाख वर्षं येतात. पण हे खरं तेव्हाच, जेव्हा टकरीची दिशा आपल्या नजरेशी ४५ अंशांचा कोन करते. तोच कोन ३० अंश असेल तर वय पावणेदोनपट, ६० असेल तर निम्म्याच्या जवळ. कोन कळायचा मार्ग बहुधा नसतो. म्हणून कोणी अशा टकरीचं वय एकच ठाम आकडा देऊन सांगितलं तर त्याभोवती तिपटीची मोकळीक मनातल्या मनात धरावी.

फसवणारे प्रकार आणखी आहेत. दाट ढगात नेहमीचा कार्बन मोनॉक्साइड स्वतःचीच लहर मधल्या वेगावर शोषून घेतो, आणि एकच ढग वर्णपटात दोन शिखरांचा दिसतो. उपाय सोपा आहे: कार्बन-१३ असलेल्या किंवा ऑक्सिजन-१८ असलेल्या दुर्मीळ रेणूची लहर पाहायची. तिथे एकच शिखर आलं तर दुसरा ढग नाहीच. फुगणारा बुडबुडाही दोन वेग दाखवतो, पण वेग-स्थान आलेखात तो कड्यासारखा बंद होतो. आणि एक साधा हिशेब कधी चुकवू नये: हे दोन ढग एकमेकांभोवतीच फिरत नाहीत ना? ५० ते ६० प्रकाशवर्षांच्या जोडीत १० किलोमीटरचा फरक गुरुत्वाकर्षणाने बांधून ठेवायचा तर लाख-दोन लाख सूर्यांचं वस्तुमान लागतं. ढग मोजून काही हजार सूर्यांचेच भरले तर ते बांधलेले नाहीत. वाटेत गाठ पडलेली आहे.

या खुणा हळूहळू जमत गेल्या. एनजीसी १३३३ या तारे जन्मणाऱ्या तेजोमेघात दोन ढग भिडले असावेत असं रॉबर्ट लॉरेन यांनी १९७६ मध्येच सुचवलं होतं, पण बराच काळ हा विषय बाजूलाच राहिला. नागोया विद्यापीठाने चिलीच्या अटाकामा वाळवंटात, सुमारे ४,८०० मीटर उंचीवर, नान्तेन-२ ही चार मीटर दुर्बीण उभारली आणि चित्र पालटलं. २००९ मध्ये नाओको फुरुकावा आणि सहकाऱ्यांनी वेस्टरलंड २ या दाट तारकागुच्छापाशी दोन मोठे ढग दाखवले. मग त्रिखंड तेजोमेघ एम २०, एनजीसी ३६०३, आणि पुढे ही यादी पन्नासाच्या आसपास गेली. त्यातून एक उपयोगी कल हाती आला. ढगातून एक चौरस सेंटीमीटर तोंडाची नळी आरपार घातली आणि तिच्यात एकावर बावीस शून्यं एवढे रेणू सापडले, तर टकरीतून बहुधा एखादाच 'ओ' प्रकारचा, म्हणजे सर्वांत तप्त आणि जड वर्गातला, तारा निघतो. तेवीस शून्यं असतील, तर दहा-वीस ताऱ्यांचा गुच्छ. वेगापेक्षा शिदोरी महत्त्वाची ठरते.

वेग जास्त म्हणजे फळ जास्त, हा समज म्हणूनच सोडून द्यावा. लहान ढग फार वेगाने घुसला तर मोठ्यातून लवकर पार होतो. दाबाचा काळ संपतो आणि अर्ध्या भरलेल्या गाठी विस्कटतात. फार हळू आले तर दोन ढग नुसते मिसळतात. कडेकडेने घासून गेले तर दाबण्यापेक्षा पिळणं जास्त होतं. आकाशगंगेच्या केंद्राजवळ 'वीट' या टोपणनावाचा एक ढग आहे. एक लाख सूर्यांचं वस्तुमान, गच्च दाट, तिथली गर्दी पाहता आदळआपटीला तोटा नाही, काहींनी तर त्याचा जन्मच टकरीतून झाल्याचं सुचवलंय. तरीही त्यात तारे जवळजवळ नाहीत. त्या भागात वायू तापलेला आहे, आणि खळबळ दाबणारी कमी, ढवळणारी जास्त आहे. टकरीच्या बाजूने बोलणाऱ्याने या विटेवर नजर ठेवूनच बोलावं.

संगणकावर टक्कर घडवणाऱ्यांचा एक सापळा वेगळाच असतो. वायूचे चौकोनी घरांत तुकडे करून गणित करताना जीन्सची लांबी, म्हणजे स्वतःच्या वजनाने कोसळू शकणाऱ्या लहानात लहान तुकड्याची रुंदी, निदान चार घरांएवढी भरली पाहिजे, ही अट १९९७ मध्ये ट्रुलव्ह आणि सहकाऱ्यांनी घालून दिली. घरं त्याहून मोठी ठेवली तर वायूचे असे तुकडे पडतात जे निसर्गात पडलेच नसते, आणि पडद्यावर दिसणारे तारे गणिताच्या चुकीतून जन्मलेले असतात. घनता वाढेल तशी लांबी आखडते, म्हणून घरं जागोजागी बारीक करत न्यावी लागतात.

या सगळ्यात माझं मन वारंवार जातं ते आपल्या सर्वांत जवळच्या उदाहरणाकडे. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या खाली एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. त्या तेजोमेघात सूर्याच्या तीसपटीहून जड तारा तळपतो आहे. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं. २०१८ मध्ये फुकुई आणि सहकाऱ्यांनी तिथल्या वायूत साधारण ६ किलोमीटर वेगाच्या फरकाचे दोन ढग वेगळे काढले, त्यांची कुलूप-किल्ली जुळवली, आणि टक्कर सुमारे एक लाख वर्षांपूर्वी झाली असावी असं मांडलं. सगळ्यांना हे मान्य नाही. तिथे लहान तारे दहा लाख वर्षांहून जुने आहेत, म्हणजे गुच्छ आधीच घडत होता. आणि लांबट ढग स्वतःच्या वजनाने आखडतानाही असे वेग दिसू शकतात, असं म्हणणारे आहेत. मला दोन्ही एकत्र नांदताना दिसतात. लहान तारे सावकाश जन्मत होते, आणि मोठ्यांना भेटीची वाट पाहावी लागली. ते तसंच झालं का, हे कोन कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

तो ठिपका आज आपल्याला दिसतो तो १,३५० वर्षांपूर्वीचा. तेवढ्या काळात ते दोन ढग एकमेकांत आणखी किती घुसले असतील, याचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला ६ किलोमीटरने सुमारे पंचवीस हजार कोटी किलोमीटर, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सतराशेपट. तारा जिच्यात घडतो त्या एका गाठीच्या रुंदीचा हा दहावा भागही नाही.